बिडीचें सूप आणि दोन कागद

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामांतील मुलग्यांविषयीं कांहीं लिहावें असें मनांत आलें, तेव्हां डोळ्यांपुढें प्रथम उभें राहिलें तें बिडीचें सूप. गोंदिया १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं तो भंडाऱ्याचा भाग होता, आणि त्या मुलखांतील कितीतरी घरें विसाव्या शतकांत बिडीनेंच पोसलीं. रानांत तेंदूचीं पानें विपुल, माल धाडण्यास रेल्वे जवळ, आणि हात स्वस्त. ते हात सगळेच मोठ्यांचे नव्हते. पान कापणें, बिडीचें तोंड मुडपणें, कट्टा बांधणें हीं कामें लहान बोटांस लवकर साधतात. धंद्याला त्यांत सोय दिसली, आणि खरें सांगावयाचें तर घरालाही दिसली.

१९३१ सालीं व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला. बिडीसारख्या धंद्यांतील लहान कारखान्यांविषयीं त्यांत लिहिलें आहे कीं, कांहीं ठिकाणीं पांच वर्षांचीं मुलेंही दिवसाचे दहा-बारा तास राबतात, त्यांस आठवड्याची सुटी नाहीं, मजुरी दोन आणे, आणि वर मारही बसतो. याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. अमृतसर, अहमदाबाद, मद्रास अशा दूरदूरच्या ठिकाणीं बाप मालकाकडून उचल घेत आणि ती फिटेपर्यंत मुलाचे श्रम गहाण टाकीत; कधीं तोंडी, कधीं कागदावर. हा आमचा पहिला कागद. १९३३ सालच्या कायद्यानें तो रद्दबातल ठरविला, आणि पंधरा वर्षांखालील मुलास असें गहाण टाकणाऱ्या बापास पन्नास रुपयांपर्यंत व मालकास दोनशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. त्या बापांस निर्दय म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. घरांत आजार असतो, दारांत सावकार असतो. परंतु तोच मुलगा पुढें व्यसनी किंवा उर्मट निघाला, म्हणजे आपण त्याला बोल लावतों. तो लहान असतां त्याच्या वतीनें कोणी काय लिहून दिलें होतें, तें कोणी विचारीत नाहीं.

दुसरा कागद पाहावयाचा तर इटलींत जावें लागतें. वाट मात्र नागपुरावरूनच जाते. आमच्या नागपूर धर्मप्रांताचें कॅथीड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवाचें आहे, आणि १८७० सालीं नागपुरास निघालेली शाळाही त्यांच्याच नांवाची. सौम्यतेबद्दल प्रसिद्ध असलेल्या याच संताचें नांव तुरीन शहरांतील धर्मगुरू डॉन बॉस्को यांनीं आपल्या संस्थेस दिलें. तरुणपणीं ते तुरीनच्या तुरुंगांत जात. सुटून गेलेले पोरगे पुन्हां पुन्हां आंत येतात, कारण बाहेर त्यांस विचारणारें कोणी नसतें, हें त्यांनीं तेथें पाहिलें. आणि मग मुलें जेथें काम करीत तेथेंच ते स्वतः जाऊं लागले.

८ फेब्रुवारी १८५२ रोजीं त्यांनीं एका मुलाचा उमेदवारीचा करार स्टँपाच्या कागदावर करविला. मालक जुझेप्पे बेर्तोलिनो, उमेदवार जुझेप्पे ओदासो. दोघांचेंही नांव आपल्या बोलींत जोसेफ, आणि धंदा सुताराचा; वाचकांच्या मनांत जें आलें असेल, तेंच आमच्याही आलें. मालकानें कसब शिकवावें; मुलगा चुकल्यास शब्दांनीं समजावें, हात उगारूं नये; शक्तीबाहेरचें किंवा धंद्याबाहेरचें काम सांगूं नये; रविवार व सण मोकळे द्यावेत; वर्षाकाठीं पंधरा दिवस सुटी द्यावी. मुलानेंही आज्ञेंत राहावें आणि कामांत लक्ष घालावें असें त्यांत आहे, आणि त्याच्याबद्दल बाप जामीन राहिला आहे. बाप येथेंही कागदावर आहेच. पण मुलाच्या पाठीशीं उभा आहे. ज्याच्याशीं लहानपणीं कोणी न्यायानें वागलें, त्याला न्याय म्हणजे काय हें फारसें शिकवावें लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडे मध्यप्रांतांत १९३७ सालीं बिडी, लाख व कातडें कमावण्याच्या अनियंत्रित कारखान्यांसाठीं कायदा झाला. कायदा मुलाला सुपापासून उठवूं शकतो. पण उठून त्यानें जावें कोठें? नडियाद येथें १९०६ सालीं जन्मलेले मनोहरभाई पटेल लहानपणींच गोंदियास आले व बिडीच्या धंद्यांतच वाढले. स्वतःचें शिक्षण थोडकें झालेल्या या गृहस्थांनीं १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था काढिली आणि खेड्यापाड्यांत शाळा नेल्या.

१९६६ सालच्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस बिडीच्या कारखान्यांत ठेवण्यास मनाई झाली. तो कायदा घरांत मात्र शिरला नाहीं, आणि बिडी तर बहुतेक घरींच वळली जाई. दिव्याजवळ मुलगा पाटी घेऊन बसे; त्याच्या पुस्तकांचे पैसे ज्या कट्ट्यांतून निघत, ते पलीकडे आई आणि बहीण वळीत असत. सट्टेदारानें छाट काढून टाकल्यावर जें उरे, त्यांतून त्याची फी जाई. ही गोष्ट किती मुलग्यांना घरांत कोणी सांगितली? रविवारीं मिस्सेला येणाऱ्या आमच्या वृद्ध भगिनींपैकीं कित्येकींच्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा अजून आहे.