कुठलं हैदराबाद?

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरले की कोपरी लागते. एका अंगाला खाडी आणि जुने गाव, दुसऱ्या अंगाला कोपरी कॉलनी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबे ह्या कॉलनीत स्थिरावली. आमच्या शेजारच्या अम्मा त्यांतल्याच. २०१५ साली मी त्यांच्या सोबतीने दुबईला गेलो. मला तिकडे काम होते आणि अम्मांना आपल्या थोरल्या बहिणीला भेटायचे होते. बहीण सक्करची. १९४६ साली तिचे लग्न झाले, सासरच्यांनी गाव सोडले नाही, आणि म्हणून तीही तिकडेच राहिली. अम्मा भारतीय, बहीण पाकिस्तानी. भेटायचे तर तिसऱ्याच्या अंगणात.

मुंबईच्या विमानतळावर तरुण अधिकाऱ्याने अम्मांचा पासपोर्ट उघडला. जन्मसाल १९३४, जन्मस्थान हैदराबाद. त्याने सहज विचारले, "आजी, कुठलं हैदराबाद?"

"सिंधचं, बेटा. पण तेव्हा ते मुंबईतच होतं."

अधिकारी हसला. म्हातारीचा गोंधळ होतो आहे असे त्याला वाटले असावे. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला मात्र ठाऊक होते की अम्मांचे उत्तर अक्षरशः खरे आहे.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची आणि ठाणे एकाच गव्हर्नराच्या हाताखाली होते. ठाण्याच्या कारकुनाची बदली कराचीला झाली तर तो परप्रांतातसुद्धा जात नसे, मग परदेशाची गोष्ट कशाला! कराचीतल्या एका जुन्या नामांकित शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांना 'कुठून आलात?' असे विचारणारी खिडकी तिथे नव्हती. ही तारीख जरा लक्षात ठेवा.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचा लोंढा बोटींनी मुंबईकडे लागला. अम्मांचे वडील फेब्रुवारीत मुलाबाळांसह उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत हजारोंची सोय झाली. त्याच छावण्यांचे पुढे, ८ ऑगस्ट १९४९ ला, उल्हासनगर झाले. ह्या लोकांजवळ ट्रंका होत्या, अंथरुणे होती, पासपोर्ट कोणाजवळ नव्हता आणि कोणी मागितलाही नाही.

मग कागद आला. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढला आणि १९ जुलैपासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट लागू लागले. काही महिन्यांनी पाकिस्ताननेही तसेच केले. मुख्य रोख होता तो तिकडे गेलेल्या आणि घरी परतू पाहणाऱ्या मुसलमानांवर; पण तारीख सगळ्यांना लागू झाली. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात ती आजही आहे. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहिलेला माणूस नागरिक झाला. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याने अर्ज करून नाव नोंदवायचे. अम्मांचे वडील फेब्रुवारीतले म्हणून सुटले. त्यांचे चुलतभाऊ ऑगस्टमध्ये आले, त्यांना कचेरीचे खेटे घालावे लागले. एका घरातले दोघे भाऊ, पण एकाची बोट आधीची आणि दुसऱ्याची नंतरची!

परमिटाचा कायदा इतका कडक होता, की परमिटाशिवाय आलेल्या भारतीय नागरिकालाही देशाबाहेर घालवता येई. मुंबई राज्यातल्याच एका खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. पण तोवर परमिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले होते. तारीख १५ ऑक्टोबर १९५२. टाटांच्या त्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षे झाली.

ह्यानंतर १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा. त्यात भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोला नोंदणीने नागरिक होता येई. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ती सवलत १९८६ पर्यंत नव्हती. परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळे ते बापाकडून. आईकडून मिळू लागले १९९२ पासून. मला तर हा कायदा वाचताना आपल्याकडची जुनी लग्नपत्रिका वाचल्यासारखे वाटते. बाईचे गाव म्हणजे सासर! आणि बहिणीच्या नात्याला तर त्यात स्वतंत्र जागाच नाही. अम्मांच्या बहिणीने ना देश सोडला, ना दुसरा निवडला. ती आपल्या नवऱ्याच्या घरी राहिली, एवढेच.

भेटीगाठी अगदीच बंद होत्या असे नव्हे. १९६५ च्या लढाईपर्यंत खोखरापार-मुनाबावची आगगाडी होती. बहीण तिने एकदा कोपरीला येऊन गेली. व्हिसावर गावांची नावे लिहिलेली असत, त्यांबाहेर जायचे नाही, आणि पोलिसांत वर्दी द्यायची. अम्मा सांगतात, "अदी पाहुणी आली, अन् पहिल्या दिवशी मी तिला चौकीवर नेलं." सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात. १९९४ साली कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. मग सक्करच्या माणसाने व्हिसासाठी इस्लामाबाद गाठायचे. आगगाडी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०१९ मध्ये थांबली. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना २००५ पासून जे ओसीआय कार्ड मिळते, ते पाकिस्तानच्या नागरिकाला मिळत नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, अटारीची चौकी बंद झाली आणि पाकिस्तानी नागरिकांचे जवळजवळ सगळे व्हिसा रद्द झाले. सरकारला सुरक्षेचा विचार करावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण सक्करची म्हातारी आणि हल्लेखोर ह्यांना एकच रकाना असतो, हेही खरे आहे.

दुबईला उतरल्यावर आम्ही बाहेरच्यांच्या रांगेत उभे राहिलो. रांग मोठी होती. कराचीचे विमान आमच्या थोडे आधी आलेले. पंधरावीस माणसांपुढे एक वाकलेली बाई काठी टेकून उभी होती. अम्मांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि रांग सोडून दोरीखालून वाकून पुढे जाऊ लागल्या. मी त्यांचा हात धरला. शिपायाने काय चालले आहे ते पाहिले आणि दोरी स्वतःच बाजूला केली.