बॅरिटोन गिटार : तारेची लांबी आणि खर्जातली जुळणी

बॅरिटोन गिटार : नेहमीच्या सहातारी इलेक्ट्रिक गिटारपेक्षा पाच किंवा सात अर्धस्वर खाली जुळवली जाणारी गिटार. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार ‘ई’मध्ये, म्हणजे ८२.४ हर्ट्झवर असते, बॅरिटोनमध्ये ती ‘बी’ (६१.७ हर्ट्झ) किंवा ‘ए’ (५५ हर्ट्झ) या सुरात लावतात. नट ते ब्रिज या मोकळ्या तारेच्या लांबीला स्केल लेंग्थ म्हणतात. फेंडर घराण्याच्या गिटारवर ती २५.५ इंच, गिब्सनवर २४.७५, बॅरिटोनवर साधारण २७ ते ३० आणि बासवर बहुधा ३४ इंच असते. या आकड्यांवरून ‘मान लांब, म्हणून सूर खाली’ असा सरळ हिशेब मांडला जातो. तो निम्माच खरा आहे. बॅरिटोनचा सूर मुख्यतः जाड तारेमुळे खाली उतरतो. लांबीचे काम ती जाड तार सुरेल ठेवण्याचे.

हा फरक मारँ मेर्सेन याने १६३६ साली मांडलेल्या नियमांतून दिसतो. तारेची कंप्रता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि लांबीच्या एककामागील वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तार तीच, ताणही तोच ठेवून सूर एक अर्धस्वर उतरवायचा तर लांबी सुमारे सहा टक्के वाढवावी लागते. २५.५ इंचांवर सहा टक्के चढवले की २७ इंच होतात. म्हणजे सत्तावीस इंची मान एकाच अर्धस्वराची भरपाई करते. ‘बी’पर्यंतचे पाचही अर्धस्वर निव्वळ लांबीने उतरवायचे ठरवले, तर हिशेब थेट ३४ इंचांवर, बासच्या मापावर जातो. ताणाच्या भाषेत सांगायचे तर ०.०४६ इंची तार २५.५ इंचांच्या गिटारवर ‘ई’ला सुमारे ७.९ किलो ताण धरते. तीच ‘बी’पर्यंत सैल केली की ४.४ किलोवर येते आणि २७ इंचांच्या मानेवरही जेमतेम पाच किलोच भरते. एवढी ढिली तार जोरात छेडली की आधी सूर वर उडतो आणि मग जागेवर येतो. म्हणून २५.५ इंचांवर ‘बी’साठी ०.०६२ च्या आसपासची तार चढवतात. २७ इंचांवर तेवढ्याच ताणासाठी ०.०५८ ची पुरते, ३० इंचांवर ०.०५३ ची.

याचा पडताळा घ्यायला गिटारच हवी असे नाही. कोणत्याही गानशाळेत दिसणारा तंबोरा याचा उत्तम दाखला ठरतो. तंबोऱ्याच्या चारही तारांची लांबी जवळजवळ सारखी, तरी खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा पूर्ण सप्तकभर खाली बोलते. इथे लांबीचा वाटा शून्य. ताण सारखा धरला तर खर्जाच्या तारेचे इंचामागचे वजन जोडीच्या चौपट लागते, म्हणजे जाडी जवळपास दुप्पट. म्हणूनच जोडीला पोलादी आणि खर्जाला जाड पितळी तार असते. मर्दानी आणि जनानी तंबोऱ्यांतही तेच. काळी एकचा षड्ज आणि काळी चारचा षड्ज यांच्या कंप्रतांत दीडपट अंतर आहे, पण मर्दानी तंबोरा जनानीच्या दीडपट उंच नसतो. मिरजेचे कारागीर भोपळ्याचा घेर आणि दांडीची उंची वाढवतात, आणि उरलेले अंतर तारेच्या नंबरावर सोपवतात. या मिरजी सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तारेच्या लांबीचा आणि जाडीचा हा व्यवहार मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या हाताने जोखला गेला आहे.

मग नुसती जाड तारच का चढवू नये? कारण जाड तार ताठ असते. आदर्श तारेचे उपस्वर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटींत असतात. ताठ तारेत ते चढे होत जातात, आणि उपस्वर जितका वरचा तितकी चूक मोठी. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्या तारेचा पाचपटीचा उपस्वर आहे. तार अवाजवी ताठ असेल तर तो गंधार चढा वाटेल आणि कितीही जवारी काढली तरी खाली बसणार नाही. उपस्वरांचा हा चढेपणा गुंडाळलेल्या तारेच्या आतल्या गाभ्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या वर्गाने घटतो. सूर आणि ताण कायम ठेवून २५.५ वरून २७ इंचांवर गेल्यास, गाभा तोच राहिला तरी उपस्वरांचा चढेपणा सुमारे ११ टक्के उतरतो. गाभाही तारेच्या प्रमाणात बारीक केला तर २९ टक्के. ताणाच्या हिशेबात किरकोळ वाटलेला दीड इंच इथे आपली किंमत वसूल करतो. डिस्टॉर्शन लावले की उपस्वर एकमेकांशी भिडून नवे सूर जन्माला घालतात, म्हणून खर्जातल्या पॉवर कॉर्डचा चिखल होतो त्यात या चढ्या उपस्वरांचाही वाटा असतो. अँपवर बास कमी करून गोंगाट आवरता येतो. उपस्वरांची बिघडलेली गुणोत्तरे मात्र कोणत्याही बटणाने दुरुस्त होत नाहीत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. ब्लॅक सॅबथ या बँडच्या टोनी आयोमीने १९७१ च्या अल्बमात, ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त गिब्सन एसजीच्या आखूड मानेवर ‘सी शार्प’पर्यंत सूर उतरवले, तेही हलक्या तारांवर, कारण अपघातात त्याच्या बोटांची टोके गेली होती. कॉर्न या बँडने २५.५ इंचांच्या सात तारांच्या आयबानेझवर ‘ए’ गाठला. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून लांबी निरर्थक ठरत नाही. आयोमी तीनच अर्धस्वर खाली गेला, ताण ७० टक्क्यांच्या आसपास उरला, आणि त्या ढिलेपणाला साजेसे संथ वादन त्याने घडवले. कॉर्नला खरखर हवीच होती. स्वच्छता हे एकमेव मूल्य नाही. ज्याला ती नको त्याने दीड इंचासाठी नवी गिटार घेण्याचे कारण नाही. उलट टोकाला मेशुगा या बँडच्या वादकांची आयबानेझ एम८एम आहे : आठ तारा, २९.४ इंच मान. तिथे खर्जातही प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की लांबी इतकी गुणकारी, तर मग ३४ इंचच का नाही? याचे उत्तर हातात आहे. चार पडद्यांचा पहिला टप्पा २५.५ इंचांच्या मानेवर सुमारे १३४ मिलिमीटर भरतो, ३० इंचांवर १५७, त्यामुळे कॉर्ड धरताना बोटे ताणावी लागतात. तंबोऱ्याला ही अडचण नाही, त्याला पडदेच नसतात. लांब मानेची गिटार आधी कॉर्डऐवजी एकेका सुराच्या कामाला आली ती यामुळेच : १९५६ ची डॅनइलेक्ट्रोची सहातारी बास नॅशव्हिलच्या स्टुडिओंत मोठ्या बासच्या सुरांवर ‘टिक-टॅक’ उमटवायला वापरत, आणि १९६१ ची तीस इंची फेंडर बास सिक्स नेहमीच्या गिटारपेक्षा सप्तकभर खाली होती. बॅरिटोन या दोन्हींच्या वर थांबते. १९८९ मध्ये राल्फ नोवाक यांनी पेटंट घेतलेली पंख्यासारख्या तिरक्या पडद्यांची रचना ही ओढाताण तारागणिक वाटून देते : खर्जाला लांब मान, वरच्या तारांना आखूड. व्यवहारात ‘सी’पर्यंत २५.५ इंच आणि थोडी जाड तार भागवते, ‘बी’ला २७ इंच सोयीचे, ‘ए’ला आणि त्याखाली २८ ते ३०. याहून लांब मान कॉर्ड वाजवणाऱ्याच्या उपयोगाची नाही, मग ती कितीही स्वच्छ बोलो.