शिबिरातली धाकटी ताई

मे महिना लागला की आता आपल्या तालुक्याच्या गावातही भिंतीभिंतीवर शिबिरांचे कागद चिकटतात. उन्हाळी संस्कार शिबिर, साहस शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. कागदावर पाहुण्यांची नावं असतात, फी असते, आणि खाली एक ओळ असते, ‘अनुभवी मार्गदर्शक’. त्या अनुभवी मार्गदर्शकांच्या हाताखाली एखादी मुलगी असते, बारावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली. गळ्यात शिट्टी, ओढणी कमरेला खोचलेली. पहाटे मुलांना उठवायचं, दात घासायला न्यायचं, जेवताना कोण रडतंय ते बघायचं, रात्री डोकी मोजायची. तिचं नाव कागदावर नसतं. मुलं तिला ताई म्हणतात. आज मला या ताईचा इतिहास सांगायचा आहे. आणि तो आहे बरं का, चांगला दीडशे वर्षांचा.

सुरुवात एका पाद्र्यापासून करू. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात वॉल्टर बियोन नावाचे धर्मोपदेशक होते. १८७६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शहरातल्या गरीब वस्तीतली ६८ मुलं आपेन्झेलच्या डोंगराळ भागात नेली. कारण साधं होतं. मुलं अशक्त होती आणि त्यांना मोकळी हवा नि पोटभर जेवण हवं होतं. हा प्रकार युरोपभर पसरला. कितीतरी ठिकाणी जाताना आणि परत येताना मुलांचं वजन करत, आपल्या अंगणवाडीत करतात तसंच. वजन वाढलं की शिबिर यशस्वी. सोबत मास्तर-बाई असत, म्हणजे मोठी माणसं. मुलांनी खायचं, खेळायचं आणि सांगितलेलं ऐकायचं. थोड्या मोठ्या मुलाच्या हाती धाकट्यांना सोपवावं, हा विचार त्यात नव्हता.

तो विचार आला, तो युद्धातून. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०० या काळात माफेकिंग नावाच्या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. आत इंग्रज, बाहेर बोअर. शिपाई कमी पडू लागले, तेव्हा गावातल्या पोरांना निरोप पोहोचवण्याच्या कामाला लावलं. वेढ्यात गावानं स्वतःची टपाल तिकिटं छापली, त्यांतल्या एकावर सायकलवर बसलेला असा एक मुलगा आहे. तिथले सेनापती होते रॉबर्ट बेडन-पॉवेल. लढाईत पोरांना वापरणं बरं की वाईट, यावर मला पुष्कळ बोलता येईल. पण तिथून त्यांनी एक गोष्ट घेतली. मुलाला खरं काम दिलं, तर ते तो करतो.

मग १९०७ चा ऑगस्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी नावाचं बेट आहे. तिथे बेडन-पॉवेलांनी वीसएक मुलांचं शिबिर घेतलं. निम्मी मुलं श्रीमंतांच्या शाळांतली, बाकीची जवळच्या गावांतल्या साध्या घरांतली. श्रीमंतांना फी एक पौंड, इतरांना साडेतीन शिलिंग. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग, तेव्हा फरक किती ते तुम्हीच काढा. मुलांचे चार गट केले आणि त्यांना लांडगा, बैल, कावळा आणि लांब चोचीचा कुरव अशी नावं दिली. प्रत्येक गटाचा एक थोडा मोठा मुलगा नायक. सकाळी आफ्रिकेतल्या कुडू हरणाचं शिंग फुंकून उठवायचे. रात्री एकेका गटानं पाळीपाळीनं पहारा करायचा, आणि त्या पहाऱ्याला गटाचा नायक जबाबदार.

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीच्या शाळेत स्काउट-गाईड असेल तर ‘पेट्रोल लीडर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ती हीच पद्धत. सहा-सात मुलींची एक संघनायिका. आपली शिबिरातली धाकटी ताई तिचीच पुढची पायरी.

पण हे सगळं मुलग्यांसाठी होतं. मुली कशा आल्या? बोलावलं म्हणून नाही. १९०८ मध्ये बेडन-पॉवेलांचं पुस्तक निघालं आणि ते मुलींनीही वाचलं. भावांची पुस्तकं बहिणी वाचतातच. काहींनी पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहून नोंदणी केली, म्हणजे कचेरीत कळायला नको. पुढे ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मोठा मेळावा भरला. हजारो मुलगे, आणि त्यांच्यात हॅट नि काठ्या घेतलेल्या मुलींची एक तुकडी. आम्हीही स्काउट आहोत, असं त्यांचं म्हणणं.

यावर इंग्लंडात बरीच कुरकुर झाली. मुली दांडगट होतील, त्यांना कोण करून घेईल, वगैरे. ऐकल्यासारखं वाटतंय ना? मग तोड काढली. मुलींची संघटना वेगळी, नावही वेगळं. १९१० मध्ये बेडन-पॉवेलांच्या बहिणीकडे, अॅग्नेसकडे, ती सोपवली. आणि नाव ठेवलं गाईड्स. हे नाव आलं आपल्याकडून. त्या काळच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर ‘कोर ऑफ गाईड्स’ नावाची पलटण होती, कसलेल्या सैनिकांची. पठाणी मुलखातल्या पलटणीचं नाव लंडनच्या मुलींना मिळालं आणि पाठोपाठ त्यांना शिवणकाम नि रोग्याची शुश्रूषा शिकवायला घेतलं! तरी मुलींनी तंबूही ठोकले आणि पुलांच्या गाठीही मारल्या. पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश हेरखात्यानं कचेरीत गुप्त कागद नेण्या-आणण्यासाठी आधी मुलगे ठेवले होते. ते गडबड्या नि बडबड्ये निघाले, म्हणून त्यांच्या जागी गाईड मुली घेतल्या.

आपल्या देशात पहिलं गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. सुरुवातीला ते गोऱ्यांच्या मुलींसाठी होतं. मुलग्यांचं स्काउट पथक त्याआधी दोन वर्षं, १९०९ मध्ये बंगलोरला निघालं होतं, आणि तिथेही हिंदी मुलांना दार बंद. हिंदी पोरांच्या हाती अशी शिस्त नि संघटना देणं सरकारला धोक्याचं वाटत होतं. पहारा कसा करायचा, नकाशा कसा वाचायचा, दहा जणांना एका शिट्टीवर कसं आणायचं, हे हिंदी पोरांना आलं तर? भीती अगदीच खोटी नव्हती, असं मला वाटतं.

मग आपल्या लोकांनी स्वतःच्या संघटना काढल्या. मद्रासकडे अॅनी बेझंटबाईंनी एक काढली. अलाहाबादला १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल पती-पत्नी हिंदुस्थानात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत मिळाली. सगळ्यांची मिळून ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ झाली ती स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला. गाईडच्या मुली पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५१ ला तिच्यात आल्या.

महाराष्ट्रात मात्र दुसरीही एक वाट होती, आणि माझ्या मते आपल्याकडच्या ताईचं खरं माहेर तेच. १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख, साने गुरुजी त्याचं प्रेरणास्थान. संध्याकाळची शाखा, खेळ, गाणी, सुट्टीत शिबिर. वेगळं काय होतं? मुलं-मुली एकाच मैदानावर, आणि जात न विचारता एका पंगतीला. १९४१ साली ही गोष्ट घरी सांगायलाही धाडस लागे. मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून सेवा दलाच्या कामात आल्या. पुढे मुंबईत पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या ‘पाणीवाली बाई’ त्या याच. प्रमिलाताई दंडवतेही सेवा दलातल्याच, त्या नंतर लोकसभेत गेल्या. हजार बायकांना एका हाकेवर उभं करणं ही काही जन्मतःची देणगी नसते. मैदानावर वीस मुलांना रांगेत उभं करून, ऊन लागलेल्याला सावलीत बसवून, भांडणाऱ्या दोघांना वेगळं करून ते अंगात मुरतं.

आता जरा माझं सांगते. मी सतराव्या वर्षी एका निवासी शिबिराला ताई म्हणून गेले. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आबा आधी नाहीच म्हणाले. मुलगी आठ रात्री बाहेर, लोक काय म्हणतील. आत्यानं त्यांना गप्प केलं, “दादा, सासरी गेली तर रोज रात्री बाहेरच राहणार आहे.” तर गेले. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांच्या बारा मुली. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या रात्री एकीला ताप चढला, अंग भट्टीसारखं. मोठे मार्गदर्शक दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी गावात गेले होते. औषधाच्या कपाटाला कुलूप, चावी त्यांच्याकडे. तिच्या घरचा पत्ता असलेली वही कार्यालयात, त्यालाही कुलूप. मी रात्रभर ओल्या रुमालाच्या घड्या ठेवत बसले आणि बाकीच्या अकरा जणींना काही कळू नये म्हणून मध्येमध्ये हसत होते. पहाटे ताप उतरला. सकाळी साहेब आले आणि मला म्हणाले, तू जबाबदार आहेस ना, मग कळवायला नको? कसं कळवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी एक टोपी मिळाली नि एक प्रमाणपत्र.

राग अजून आहे, लपवत नाही. ब्राउन्सीच्या बेटावर रात्रीचा पहारा पोरांकडे होता, हे खरं. पण बेडन-पॉवेल त्याच बेटावर, हाकेच्या अंतरावर झोपले होते. आपल्याकडे त्यातलं पहिलं घेतलं, दुसरं विसरलो. जबाबदारी द्यायची, चावी द्यायची नाही. आणि अठरा पूर्ण नसलेली मुलगी आपल्या कायद्यात बालकच धरतात. म्हणजे एक बालक बारा बालकांना सांभाळत होतं.

फ्रान्समध्ये त्यांनी यावर काय केलं, ते सांगण्यासारखं आहे. १९३६ मध्ये तिथे कामगारांना पगारी रजा मिळाली. सुट्टीतल्या मुलांच्या वसाहती वाढल्या, आणि सांभाळणारी तरुण मुलं कमी पडली, शिवाय न शिकलेली. तेव्हा जिझेल द फायी नावाच्या बाईंनी पुढाकार घेतला आणि १९३७ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत या धाकट्या मार्गदर्शकांचंच पहिलं प्रशिक्षण शिबिर भरवलं. शिकवणाऱ्यालाही आधी शिबिरार्थी व्हायला लावलं. पुढे सरकारनं प्रमाणपत्र सुरू केलं. १९७३ पासून ते ‘बाफा’ नावानं ओळखलं जातं. आधी आठ दिवसांचं शिक्षण, मग चौदा दिवस खऱ्या मुलांबरोबर, वरच्या माणसाच्या नजरेखाली, आणि मग पुन्हा सहा दिवस शिक्षण. सुट्टीच्या कामाला एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. ज्यानं बारा मुलींची रात्र काढली नाही, तो म्हणेल.

आपल्या पुण्यातही एक जागा आहे. आळंदी रस्त्यावर ‘संगम’ नावाचं गाईड मुलींचं जागतिक केंद्र १९६६ पासून चालू आहे. जगभरात अशी केंद्रं मोजकी, आणि त्यातलं एक इथे. देशोदेशींच्या तरुण मुली तिथे राहून काम करतात नि शिकतात. आपल्या कितीजणींना ते ठाऊक आहे? मलाही चाळिशीनंतर कळलं.

तर यंदा मूल शिबिराला पाठवत असाल तर फी विचारता तसं हेही विचारा. ताईचं वय काय, तिला कुणी शिकवलं, रात्री चावी कोणाकडे, गाडी कोणाची, दवाखाना किती लांब. आणि तुमची मुलगीच ताई म्हणून जात असेल, तर हे तिलाच विचारायला सांगा, निघायच्या आधी. विचारलं म्हणून काढून टाकलं, तर बरं झालं म्हणायचं.

माझी भाची यंदा चालली आहे. सतरा पूर्ण, अठरा व्हायला चार महिने. तिच्या वडिलांची समजूत घालायचं काम या खेपेला माझ्याकडे आलं. आत्याचं वाक्य मी वापरलं नाही. आता ते मला आवडत नाही. नुसतं म्हटलं, मी तिच्या वयाची असताना गेले होते. परवा तिची पिशवी भरली, तेव्हा बॅटरी, थर्मामीटर आणि जाड अक्षरात लिहिलेले चार फोन नंबर मी वर ठेवले. तिनं संस्थेला सगळे प्रश्न विचारले होते. चावी तिच्याकडे राहील म्हणाले. दवाखाना तीन किलोमीटर, गाडी आवारातच.

“आणि पैसे?” मी विचारलं.

“देणार आहेत, आत्या. किती ते सांगितलं नाही.”

म्हटलं, जायच्या आधी अजून एक फोन कर.