वर्गातले लिखाण कोण वाचते?

कळमनुरीच्या शाळेत मराठी शिकवताना मी दोन वर्षे आठवीच्या मुलांकडून ब्लॉग लिहून घेतला. एका मुलीने घरच्या हळदीविषयी लिहिले: कढईत हळद शिजताना रात्री जाळापाशी कोणी बसायचे, यावरून भावंडांत होणारी भांडणे. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात याच मुलीने मला पाच ओळी दिल्या होत्या. हा फरक कशाने पडला, ते शोधताना मी शंभर वर्षे मागे गेलो.

१९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृह त्यांच्याकडे आल्यावर तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. रोज नवा मजकूर आणि ओळखीचा वाचक; ब्लॉग म्हणजे तरी आणखी काय? पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले.

त्याच १९२४ साली फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटे छपाईयंत्र आणले. महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने त्याला फार वेळ बोलवत नसे. मुले स्वतःचा मजकूर लिहीत, एकेक खिळा जुळवून छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील एका शाळेला पाठवत. तिकडूनही तसेच कागद येत. शुद्धलेखनाला त्यामुळे अर्थ आला, कारण चूक आता परगावी वाचली जाणार होती.

अमळनेरला लेखणी गुरुजींच्या हाती होती, फ्रान्समध्ये मुलांच्या. गुरुजींना उणे लेखण्याचा हेतू नाही, पण माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

आमच्या मराठवाड्यात तर प्रश्न याहून मागचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. वरचे शिक्षण उर्दूतून, १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. माझे आजोबा अर्ज उर्दूत लिहीत आणि बहिणीला पत्र मराठीत. शाळेने त्यांना शिकवले ते अर्ज लिहायला.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ सुरू झाले. योगायोगच. पुढे जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी मराठीत ब्लॉग काढले. मीही ते वापरले. त्यांत शासन निर्णय असतात, प्रपत्रे असतात, नमुना प्रश्नपत्रिका असतात. मुलांचे लिखाण मात्र शोधावे लागते. रीत अमळनेरचीच, फक्त गुरुजींची माया वजा झालेली.

हळदीच्या त्या लेखावर सांगलीकडच्या एका वाचकाने विचारले होते, ‘तुमच्याकडे अजून कढईच का? कुकर नाही आला?’ मुलीने उत्तर वहीत लिहिले, तीनदा खोडले आणि मला न दाखवता परस्पर पाठवून दिले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूक होती.