केश्केक
गहू व हाडासकट मांस एकत्र शिजवून, घोटून केलेला तुर्कस्तानातील पारंपरिक पदार्थ. लग्न, सुंता, सणवार अशा प्रसंगी गावकरी तो मिळून रांधतात. आदल्या दिवशी गहू धुऊन दगडी उखळात सडतात. त्या वेळी ढोल व सनईसारखी झुर्ना वाजत असते. मग उघड्यावर मोठ्या कढयांत मांस, कांदा, मसाले घालून तो रात्रभर शिजतो. खरी कसोटी शेवटच्या घोटण्यात. तरणेबांड गडी लाकडी मोगऱ्यांनी तो कुटत राहतात, मांसाचे धागे गव्हात पुरते मिसळून लगदा चिकट होईपर्यंत. वरून तापवलेले लोणी ओततात. २०११ मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पदार्थाचे कूळ मात्र एकट्या तुर्कस्तानचे नव्हे : १०व्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात अशीच गहू-मांसाची हरीसा आढळते, आर्मेनियात ती आजही रांधतात आणि हैदराबादी हलीमही त्याच घराण्यातले.