उथळ पाण्याचे वाटाडे

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मोसमी वाऱ्यांकडे, दूरच्या बंदरांकडे आणि मालाच्या मोलाकडे जाते. पण खोल समुद्र ओलांडून आलेले जहाज किनारा दिसू लागल्यानंतरच खऱ्या संकटात सापडत असे, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. वाऱ्याचा नियम एकदा समजला की तो परक्यालाही वापरता येई. खाडीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा, पाण्याखालची खडपे आणि दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी यांचे ज्ञान मात्र त्या त्या ठिकाणच्या माणसांपाशीच असे, आणि जी सत्ता या किनाऱ्यावर टिकू पाहत होती तिला ते ज्ञान या ना त्या मार्गाने आपल्या चाकरीत आणावे लागले.

या ज्ञानाची गरज सर्वत्र सारखी नव्हती, कारण भरतीचा चढ किनाऱ्यागणिक बदलतो. गोव्याकडे उधाणाच्या वेळीही, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत आल्याने पाणी सर्वाधिक चढते तेव्हाही, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे २ मीटरचेच अंतर पडते. मुंबईजवळ ते ४ ते ५ मीटरपर्यंत जाते आणि खंभातच्या आखातात १० मीटरच्या घरात पोचते. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ सागरतळ रुंद होत जातो, शिवाय आखात आत शिरता शिरता अरुंद होते, त्यामुळे बाहेरून लोटत येणाऱ्या पाण्याला पसरण्यास जागा न मिळून ते वर चढते.

खंभातच्या आखातातील या पाण्याचे अत्यंत सजीव वर्णन इ. स. च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात आढळते. त्याचा अज्ञात कर्ता इजिप्तमधून व्यापार करणारा अनुभवी दर्यावर्दी असावा, असे मजकुरावरून वाटते. नर्मदेच्या काठचे भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, या बंदराविषयी लिहिताना तो आपल्या नेहमीच्या त्रोटक शैलीतून बाहेर पडतो. आखाताच्या तोंडाशी असलेले खडक, नांगराचे दोर कापणारा खडबडीत तळ आणि जहाजाला आडवे फिरवणारे प्रवाह यांचा तो उल्लेख करतो. अमावास्येच्या सुमारास, विशेषतः रात्रीच्या वेळी, भरतीचे पाणी सैन्याच्या गलक्यासारखा आवाज करीत नदीच्या मुखात घुसते, क्षणापूर्वी कोरडी असलेली जमीन समुद्र होते आणि क्षणापूर्वीचा समुद्र कोरडा पडतो, असे तो सांगतो. जे या भागात नवखे आहेत त्यांची जहाजे या प्रवाहात सापडून गाळावर रुततात किंवा उलटतात, हा त्याचा इशारा बाजारभावांच्या नोंदी करणाऱ्या ग्रंथात लक्ष वेधून घेतो.

याच ठिकाणी तो एका व्यवस्थेची नोंद करतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती वर्णनाहूनही मोलाची आहे. राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी त्राप्पगा आणि कोटिंबा या नावांच्या मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, आलेल्या जहाजांना आपल्या नावांनी ओढून दांड्यांमधून बाहेर काढीत आणि आधीच ठरलेल्या मुक्कामांवरून पुढे नेत. भरती लागली की निघायचे आणि ती उतरू लागली की नदीपात्रातील खोल डोहांत नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहायची, अशा टप्प्यांनी मुखापासून सुमारे ३०० स्टेडिया, म्हणजे ५५ किलोमीटरच्या आसपास आत असलेले भडोच गाठले जाई. त्या वेळचा राजा क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोकणातल्या कल्याण बंदरात चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही हाच ग्रंथ नोंदवतो, तेव्हा वाटाड्यांच्या या चाकरीत सौजन्य कमी आणि जकातीची ओढ अधिक होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. नहपानाचा जावई उषवदात याने पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याचे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. पाणी ओलांडण्याची सोय करणे हे त्या घराण्याला पुण्याचे आणि राज्यकारभाराचेही काम वाटत होते.

कोकणातील खाड्यांचा प्रश्न भडोचपेक्षा सौम्य, पण अधिक विखुरलेला होता. सह्याद्रीवरून येणाऱ्या आखूड नद्या पावसाळ्यात गाळ आणतात, लाटा तो मुखाशी आडवा लोटतात आणि त्याचा दांडा बनतो. या दांड्यावरून मालाने भरलेले गलबत फक्त भरतीच्या वरच्या भागातच आत येऊ शके. एकदा आत आले की तीच भरती त्याला सावित्रीवरून महाडकडे किंवा वाशिष्ठीवरून चिपळूणच्या गोवळकोटकडे घेऊन जाई आणि ओहोटी, जिला किनाऱ्यावर सुकती असेही म्हणतात, परत आणी. चढत्या पाण्यात नाव रुतली तर थोड्या वेळाने ती आपोआप तरंगते, उतरत्या पाण्यात रुतली तर पुढील भरतीपर्यंत, आणि उधाण ओसरत असेल तर कित्येक दिवस, ती तेथेच अडकून पडते. म्हणून अनोळखी मुखात शिरण्याची वेळ तांडेल, म्हणजे नाव चालवणारा मुख्य खलाशी, नेहमी पूर्ण भरतीच्या थोडी आधीची निवडी. पुढे बसलेला माणूस वाशाने किंवा शिसे बांधलेल्या दोरीने खोली मोजे. हे माप वावांत सांगितले जाई, आणि एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी.

वेळेचे गणित तिथीवर चाले. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा आडाखा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर सर्वपरिचित आहे: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. चंद्राच्या गतीप्रमाणे हिशोब केला तर ३० तिथींत २४ तासांचे अंतर पडते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे यायला हवीत. पाऊण तासाच्या हिशोबात रोज ३ मिनिटे कमी पडतात आणि पौर्णिमेपर्यंत ही तूट ४५ मिनिटांवर जाते. पण पक्ष बदलताच मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते आणि साठलेली चूक पुसली जाते. ज्या समाजात पाऊणकीचे पाढे पाठ असत, तेथे ४/५ या अवघड अपूर्णांकापेक्षा ही किंचित चुकीची रीत अधिक उपयोगी होती, आणि अष्टमीच्या सुमारास येणारा भांग, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढण्या-उतरण्याचा काळ, त्याच अंकांवरून कळे.

उथळ पाणी हे व्यापाराला अडथळा असले तरी युद्धात ते आश्रय ठरे. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. पण खोल बुडाची जहाजे किनाऱ्यालगत येऊ शकत नव्हती आणि लहान मराठी होड्या रात्रीच्या वेळी सामान पोचवीत राहिल्या. त्या ऑक्टोबरमधील लढाईत इंग्रजांची डव्ह ही गुराब जातीची लढाऊ नाव मराठ्यांच्या हाती पडली, रिव्हेंज या जहाजाने मात्र मराठी आरमाराला मागे रेटून त्याचा पाठलाग केला. हा पाठलाग नागोठणे खाडीच्या मुखाशी, पाणी उथळ झाले तेथे, थांबला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राज्यनीतीवरील ग्रंथात आरमारासाठी मध्यम आकाराच्या गुराबा व गलबते बांधावीत आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे करू नयेत, असा सल्ला आला. त्याकडे केवळ काटकसर किंवा तंत्राचा मागासलेपणा म्हणून पाहणे चुकीचे आहे, कारण हा सल्ला याच किनाऱ्याच्या खोलीला अनुसरून होता. खोल समुद्रात युरोपीय जहाजांशी तुल्यबळ होण्याचा मार्ग त्याने खुंटला, हेही तितकेच खरे.

इंग्रजांनी हे ज्ञान कागदावर आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन मॅक्लुअर याने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक जेम्स हॉर्सबर्ग याच्या मार्गदर्शक ग्रंथात किनाऱ्यावरील डोंगर, बेटे व खोली यांच्या खुणा एकत्र आल्या. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची यंत्राने नोंद होऊ लागली. भारतीय बंदरांच्या भरतीचे गणित करण्यासाठी १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सच्या आराखड्यानुसार लंडनमध्ये एक यंत्र तयार करण्यात आले, ज्यात चंद्र-सूर्याच्या ओढीचे निरनिराळे घटक कप्प्या व चाकांच्या फिरण्याने एकत्र मिळवले जात आणि पुढील वर्षाच्या भरतीचा आलेख उमटे. तिथीच्या आडाख्याला न कळणारी गोष्ट, म्हणजे पाणी नेमके किती चढेल हे, या तक्त्यांतून कळू लागले.

तरीही तक्ता मोठ्या बंदरांचाच होता, आणि दांडा तर दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, त्यामुळे नकाशा छापून होईपर्यंत लहान खाडीचे मुख बदललेले असे. राजापूरसारख्या खाडीत गाळ इतका भरत गेला की मोठ्या गलबतांना जुन्या धक्क्यापर्यंत येणे अशक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई ते गोवा या मार्गावर चालणाऱ्या आगबोटींच्या कप्तानांपाशी छापील तक्ते असत. पण हर्णैसारख्या बंदरांत आगबोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, उतारू व त्यांच्या वळकट्या पडावांत, म्हणजे लहान होड्यांत, उतरवल्या जात आणि तेथून किनाऱ्यापर्यंतची वाट गावचा तांडेलच ठरवी. सुकती असली तर शेवटचा चिखलाचा पट्टा पडावालाही पार करता येत नसे, आणि मग उतारू खलाशांच्या खांद्यावरून कोरड्या जमिनीवर पोचत.