मेलेल्या माकडाची खबर

१९५७ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत एक विचित्र बातमी पोचली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडत होती. आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणून दगावत होती.

पुण्याची ही संस्था तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. आज आपण तिला एनआयव्ही म्हणून ओळखतो. शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर आला की आधी माकडं मरतात, हे माहीत होतं. आशियात हा रोग कधीच शिरला नव्हता. शिरला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

पथक जंगलात गेलं. मेलेली माकडं, रुग्णांचं रक्त आणि गोचिडी यांची तपासणी झाली आणि हाती लागला तो जगाला माहीत नसलेला एक विषाणू. त्याला जंगलाचंच नाव मिळालं. कन्नडमध्ये लोक म्हणतात ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार. आपल्याकडे तो झाला ‘माकडताप’.

हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. मग तो इथे आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडीतून? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची मदत घेतली. हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या गेल्या. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराचा अभ्यास त्यातून उभा राहिला.

माकडतापात खलनायक माकड नाही, हे मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विषाणू जंगलातल्या गोचिडींत आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या छोट्या प्राण्यांत फिरत राहतो. माकड आपल्यासारखंच त्याला बळी पडतं. ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. तिथून जाणाऱ्याला खसखशीएवढी गोचीड चावते आणि काही दिवसांत ताप चढतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमकं औषध आजही नाही. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप होत नाही.

या साखळीत आपली गुरंही आहेत. ती आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना रक्त पुरवतात. जंगल तोडून शेती, बागा, चराई वाढली की गुरं आत जातात आणि गोचिडी वाढतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ झालं. पाठोपाठ तिथे मोठी साथ आली.

पहिली पन्नासेक वर्षं हा आजार कर्नाटकातलाच मानला गेला. मग तो २०१३ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात दिसला. पुढच्याच वर्षी बांदा परिसराचं नाव पेपरात आलं. पालीत आजारी पडलेल्यांत बरेच जण काजूच्या बागांत राबणारे होते. यात योगायोग काही नाही. गोचिडीची पिल्लं चावतात ती साधारण डिसेंबर ते मे या काळात. काजूची बी गोळा करायचे, पातेरा आणि लाकूडफाटा आणायचे दिवसही तेच. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. ज्याचं वर्षाचं गणित त्या तीन महिन्यांवर चालतं, त्याने तो पाळायचा कसा?

लस होती. कर्नाटकात ती अनेक वर्षं दिली गेली, पण तिचं संरक्षण अपुरं ठरलं आणि २०२२ मध्ये ती थांबवावी लागली. म्हणजे अंग झाकणं, गोचीड पळवणारं तेल लावणं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करणं, गुरांच्या गोचिडींवर औषध करणं आणि मेलेल्या माकडाची खबर वेळेत देणं, हेच उपाय आज हाताशी आहेत.

माझं काम सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं. आमच्या धंद्यात अलर्ट कितीही चांगला असला, तरी तो वाचून कुणी उठलं नाही तर सिस्टीम पडतेच. इथे अलर्ट म्हणजे मेलेलं माकड. तो वाचणारा पहिला माणूस हा गुराखी, काजूवाली बाई किंवा वनमजूर असतो. वानर नारळ-केळीचं नुकसान करतं, त्यामुळे ‘मेलं तर मेलं’ असं त्यांना वाटणं साहजिक आहे. तरी कुणीतरी कळवतं. त्यानंतर पशुवैद्यक, वनखातं आणि आरोग्यखातं तिघांनी एकाच दिवशी हलायचं असतं. त्या जागेभोवती कीटकनाशकाची भुकटी टाकायची, नमुना पुण्याला पाठवायचा आणि गावात तापाचे रुग्ण शोधायचे. यातलं एक खातं दुसऱ्याची वाट बघत बसलं, तर पुढचा अलर्ट माणसाचा असतो.

१९५७ मध्ये माकडांचं मरण कुणीतरी मनावर घेतलं, म्हणून या रोगाला नाव मिळालं. कोकणात, गोव्यात कुठे मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊ नका. आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला फोन करा. कुणी आलं नाही, तर पुन्हा करा.